तोकुजीची सर्दी

किनुए इसुरुगीला बंदरावरचे लोक ओळखत ते तिच्या वाकलेल्या पाठीवरून. नवरा तोकुजी दारूच्या नशेत शेजाऱ्याची कुंडी फोडायचा आणि दुसऱ्या सकाळी किनुए मिठाईचा डबा घेऊन त्या दारात माफी मागत कमरेत वाकायची. मिठाईवाला म्हणायचा, तोकुजी सुधारला तर माझं दुकान बसेल. तोकुजी मासळीच्या कारखान्यात गेला नाही की फोनही तीच करायची: सर्दी झालीय, माफ करा. एकोणीस वर्षं त्याला सर्दीच होत होती, ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

मग डॉक्टरांनी दोघांना दारू सोडणाऱ्यांच्या सभेत धाडलं. तिथे नवराबायको शेजारी बसतात आणि दोघांनाही बोलावं लागतं. सभेचे प्रमुख, म्हातारे कुरिहाशी, एकेकाळचे पक्के दारुडे. किनुएचं सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, माफी तुम्हीच मागता. मग त्याच्या वाट्याला लाज उरते कुठे? त्याची माफी त्याला मागू द्या."

किनुएने सगळ्यांसमोर हो म्हटलं.

पस्तीस दिवस कोरडे गेले. छत्तिसाव्या सकाळी तोकुजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेला सापडला, शेजारी रिकामी बाटली. कारखान्याने बजावलं होतं, आणखी एक खाडा झाला तर काम गेलं. पाळी आठची होती आणि पावणेआठ वाजले होते.

"फोन कर. सर्दी सांग."

"नाही सांगणार."

"मग तो म्हातारा पोसणार का आपल्याला?"

किनुए मुळा चिरत राहिली. सुपाला लागला असता त्याच्या तिप्पट चिरून झाला.

आठ वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. तिने सवयीने उचलला. पलीकडे मुकादम होता. तिची पाठ आपसूक वाकली. फोनवरही ती वाकूनच बोलायची. "माफ करा" तोंडून गेलंच. पुढचा शब्द जिभेवर होता. तो तिने गिळला आणि फोन नवऱ्यापुढे धरला.

आतून मुकादमाचं 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं. शेवटी तोकुजीने तो घेतला.

"मी तोकुजी. प्यालोय. सर्दी नाही." मग म्हणाला, "आधीही नव्हती." बोलता बोलता तो बसल्या जागी इतका वाकला की कपाळ जमिनीला टेकलं.

मुकादमाने त्याला उद्या सकाळी शुद्धीवर येऊन भेटायला सांगितलं. ठेवणार की काढणार, ते सांगितलं नाही.

"तू येशील ना?" तोकुजीने विचारलं.

"येईन," किनुए म्हणाली. "कारखान्याच्या फाटकापर्यंत."