आत्या चहाचा मळा बघायला गेल्या

चहाचं झाड ज्यानं पहिल्यांदा लावलं, तो समोर आला असता तर आमच्या आत्यांनी त्यालाही ‘तुला उकळता येत न्हाय’ असं तोंडावर सुनावलं असतं. आत्या माझ्या नात्यातल्या नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांसमोर त्यांचा चहाचा गाडा आहे आणि तिथले सगळेच त्यांना आत्या म्हणतात. मागावरच्या माणसांची विचारपूस त्या तेलुगूत करतात, मुकादमाशी दखनीत बोलतात, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं म्हणून कानडीही येते, पण रागवायचं झालं की मराठीतच. कोणी कप अर्धा ठेवून उठला तर घरी भांडण झालंय, आणि फुंकर न मारता गटागटा प्यायला तर काम सोडायच्या बेतात आहे, हे त्या पैजेवर सांगतात. एकदा एका कारागिरानं साखर कमी मागितली. आत्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “दवाखान्यात जाऊन ये आधी. मग चहा देते.” तो गेला आणि खरंच त्याला साखर निघाली. त्या दिवसापासून आत्यांना आवरणं कोणालाच जमलेलं नाही.

आमच्या महिला गटात आम्ही टॉवेलच्या कडा शिवतो. आत्यांना शिवण येत नाही, त्या दुपारी येऊन घड्या घालतात आणि इतरांच्या घड्यांना नावं ठेवतात. आमचे टॉवेल एक संस्था परदेशात विकते. कष्ट करणाऱ्याला रास्त मोल मिळावं, असा तिचा व्यापार, त्याला फेअर ट्रेड म्हणतात. तीच संस्था निलगिरीतल्या एका मळ्याचा चहाही विकते. दुसरीकडच्या बाया कशा काम करतात ते बघा, म्हणून संस्थेनं आमच्यातल्या चौघींना तिकडं न्यायचं ठरवलं. गाडा एक दिवससुद्धा बंद न ठेवणाऱ्या आत्या सगळ्यांत आधी “मी येणार” म्हणाल्या. कारण फक्त मला माहीत होतं. महिन्यापूर्वी त्यांचे पुण्याचे जावई आले होते. चहा पुढं केल्यावर ते म्हणाले, “मामी, ही तुमची बारीक डस्ट पावडर म्हणजे कारखान्यातला झाडून काढलेला केर असतो. मी नाही घेत.” आत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी घड्या घालताना मला हळूच म्हणाल्या, “तीस वर्सं मानसास्नी केर पाजला व्हय गं मी?”

गाडीत त्यांनी कोणताच चहा पास केला नाही. “पाण्याला चहाची नुसती बातमी लागलीया,” असं म्हणून पहिला कप खिडकीबाहेर गेला, दुसरा मला प्यावा लागला. घाट चढून मळ्यात पोचलो तर झाडं कमरेएवढी. “ह्यापरीस आमची तूर उंच की!” असं त्या मोठ्यानं बोलल्या. पाठीला टोपल्या बांधलेल्या बाया दोन पानं आणि एक कोंब खुडत होत्या. एकीला कानडी येत होती. रास्त व्यापारातून जी जास्तीची रक्कम येते तिचं काय करायचं ते आम्हीच बसून ठरवतो, पाळणाघर त्यातूनच झालं, असं ती सांगत होती. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरी चहा कंचा पिता?” ती म्हणाली, डस्ट. तेवढ्यानं आत्यांचं समाधान झालं नाही. गरिबाच्या घरी काहीही पितात, असं त्या वाटेत मला म्हणाल्या.

मळ्याच्या कारखान्यात चपला काढून डोक्याला कागदी टोपी घालायची होती. आत्यांनी ती पदरावरूनच चढवली. पानं सुकवायची जागा, चिरडायचं यंत्र, भट्टी, असं बघत आम्ही चाळण्यांपाशी आलो, आणि मागं वळून बघते तर आत्या नाहीत. आमच्यासोबत आलेली संस्थेची मुलगी घाबरली. शोधलं तर आत्या एका झाडूवाल्या बाईच्या मागं मागं चालल्या होत्या. तिनं केर भरला, ह्या मागं. ती मागच्या दारानं गेली, ह्याही गेल्या. पोत्यात केर ओतेपर्यंत तिथंच उभ्या. पोतं कुठं जातं, हे त्यांनी खुणांनी विचारलं, मग कानडीत, मग वैतागून मराठीत. बाईनं मळ्याकडं हात केला. त्याचं खत होत होतं.

तरी त्यांना पक्कं हवं होतं. चव बघायच्या खोलीत एक साहेब ओळीनं मांडलेले कप सुर्रकन ओढून थुंकत होते. “थुकायचं हुतं तर घेतलं कशाला?” असं आत्या पुटपुटल्या आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी स्वतःच्या पावडरीची पुडी काढून त्यांच्यापुढं ठेवली, हा केर आहे का ते दखनीत विचारलं. साहेबांनी पुडीतल्या पावडरीवर गरम पाणी ओतून चहा केला, ओढला, थुंकला आणि ते हिंदीत म्हणाले, “कचरा नाही हा, अम्मा. पान तेच. शेवटच्या चाळणीतून जे पडतं ते हे. फक्त तुम्ही उकळत जास्त असाल.” आत्या म्हणाल्या, “दिवसभर मागावर हुबं ऱ्हावा, मग सांगा किती उकळायचा त्यो.” परतीच्या गाडीत त्या भेटेल त्याला चाळणीची गोष्ट सांगत होत्या.

दिवाळीला जावई आले. मी घड्या घालायचे टॉवेल आत्यांच्या घरी द्यायला गेले होते. मळ्यात सगळ्यांना भेट मिळालेली मोठ्या पानांची डबी आत्यांनी फोडली आणि साहेबांच्या पद्धतीनं न उकळता चहा केला. जावई म्हणाले, “मामी, याला म्हणतात चहा.” आत्या म्हणाल्या, “व्हय.” एवढंच. मी त्यांच्यामागं आत जाऊन कुजबुजले, “आत्या, सांगा की त्यांना.”

“जावयाला कुटं खोटं पाडायचं, बाय? लेक नांदतीया तितं.”

मग आम्हा दोघींसाठी त्यांनी डस्ट टाकून आधण ठेवलं. उकळी वर आली तशी आच कमी केली आणि भांड्याकडंच बघत म्हणाल्या, “केर न्हाय ह्यो.”

“नाही,” मी म्हणाले.

बाहेरून जावयांचा आवाज आला, “मामी, काय करताय आत? वास फार छान येतोय.”

“काय न्हाय, असंच,” असं म्हणून आत्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं.