माझ्या हातचा रंग

सातपूरला खेळण्यातल्या गाड्या बनवायची एक कंपनी होती. तिच्या पेंट शॉपला मी एकवीस वर्षं काढली. जस्ताची ओतीव गाडी, तळहातावर मावेल एवढी, पण वजनाला पक्की. साच्यातून निघाली की घासून माझ्याकडे यायची आणि मी तिला रंग मारायचो. शिक्षण सातवी नापास, पण डोळ्यांनी बघून शेड जुळवायला माझ्यासारखा दुसरा नव्हता.

कंपनी बंद पडली. आता ती गाडी कुठल्या दुकानात मिळत नाही. बायको गेल्यावर मला या गाड्यांचा नाद लागला. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात एखादी सापडते. आणायची, थिनरने जुना रंग उतरवायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि नवा रंग द्यायचा. दोन फळ्या भरल्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "अण्णा, या वयात खेळणी?" मी म्हणतो, "याच खेळण्यांवर तू शिकलास."

दोन महिन्यांपूर्वी बाजारात एका पिवळ्या टॅक्सीवर माझा आणि आणखी एकाचा हात एकदमच पडला. माणूस पन्नाशीचा, बँकेतला. त्याने गाडी उलटी करून बघितली आणि आमच्या कंपनीचं नाव घेतलं. कितीतरी वर्षांनी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. म्हटलं, ही मी रंगवलेली आहे. त्याने टॅक्सी माझ्या हातात दिली. म्हणाला, "मग ही तुमचीच, काका." मी त्याचा नंबर घेतला आणि त्याला घरी बोलावलं.

रविवारी आला. फळीपुढे उभा राहिला. एक गाडी उचलली, दुसरी उचलली, मग ती टॅक्सी. चार दिवसांत मी तीही रंगवून चकचकीत केली होती. त्याचा चेहरा उतरला.

"काका, सगळ्यांचा रंग काढलात?"

"काढला. पार टवके उडाले होते."

"अहो, टवके असू द्यायचे. आम्हा जमवणाऱ्यांत मूळ रंगालाच मान. नवा रंग दिला की गाडी गेली."

"मूळ रंग कोणी दिला होता?"

"तुम्हीच. पण तेव्हा."

"हात तोच आहे."

"हात तोच आहे काका, पण ती कंपनी आता नाही ना."

"तुम्ही बँकेत सह्या करा," मी म्हणालो. "रंगातलं मला शिकवू नका."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने टॅक्सी जागेवर ठेवली, हळूच हसला आणि चपला घातल्या. मीही थांबा म्हणालो नाही.

त्यानंतर तो बाजारातही दिसला नाही. मी दर बुधवारी त्याची वाट बघायचो, हे आता लिहायला हरकत नाही.

काल मीच फोन केला. म्हणालो, "निळी जीप सापडलीय. मूळ रंगाची. हात लावला नाही."

"खरं सांगता? रविवारी येऊ?"

"या."

घरात निळी जीप नाही. कंपनीत एकवीस वर्षांत मी कोणाला खोटी शेड दाखवली नाही. आज बुधवार, सकाळपासून सगळा बाजार पालथा घातला, एकही मिळाली नाही. रविवारी तो विचारेल तेव्हा खरं सांगावं लागेल. सांगेन. पण दारात नाही, आधी त्याला बसू दे.