पाणी गेलं, लगेच या!

बाई गरोदर राहिली की पोटाआधी किस्सेच वाढायला लागतात. सल्ले देणारे सगळे आणि ऐकणारी एकटी! पण मी काही गुमान ऐकून घेणाऱ्यातली नाही, हे बोईसरच्या आमच्या बिल्डिंगला नवव्या महिन्यात कळलं.

समोरच्या शिंदेकाकू मूळच्या साताऱ्याच्या. जिन्यात भेटल्या की आधी पोटाकडे बघायच्या. एकदा ओरडल्याच, "अगं, उतरलं की पोट! आता काय खरं नाही!"

"काकू, मी जिना उतरतेय. पोट काय वर ठेवून येऊ?"

सासूबाई चिंचणीच्या. मी फडकं घेऊन पंखा पुसताना दिसले, तर म्हणाल्या, "घर आवराया लागलीस. आता पोर येनार!"

"आई, दिवाळीलाही आवरते. तेव्हा कोण येतं?"

"पावने," त्या म्हणाल्या. मी आपली पुन्हा पंख्याकडे वळले.

मग एकदा खरंच पोटात कळ आली. धावतपळत हॉस्पिटल गाठलं. नर्स म्हणाली, "खोट्या कळा आहेत. घरी जा."

सासूबाईंचा पारा चढला. "खोट्या? आमची सून खोटं बोलत नाय!"

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "पहिलटकरणी अशाच घाबरतात," नर्स हसली. माझं डोकंच फिरलं.

"पहिली वेळ आहे म्हणूनच विचारते ना! दुसऱ्या वेळी मी तुम्हाला शिकवीन!"

मग तिने नीट सांगितलं. कळा थोड्या थोड्या वेळाने यायला लागल्या, थांबेनाशा झाल्या, किंवा पाणी गेलं, तर लगेच या. घरी येताना मी रिक्षात रडले. भीती कळांची नव्हती हो. खऱ्या वेळीही कुणी विश्वास ठेवला नाही तर?

ती वेळ आली भर दुपारी. सासूबाई चिंचणीला हळदीला गेलेल्या. नवरा एमआयडीसीत, मोबाइल गेटवर जमा. ओट्याशी उभी होते आणि एकदम पाय भिजले. घाईघाईत बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "पाणी गेलं! कुणीतरी लगेच या!"

धडाधड उत्तरं. "आमच्याकडेही कमीच येतंय." "टँकर सांगा." "रोजचंच आहे हे!" शिंदेकाकूंनी तर नुसता अंगठा टाकला.

खड्ड्यात गेला ग्रुप! पिशवी उचलली, खाली उतरले, रिक्षा थांबवली. "भैया, अस्पताल! गड्ढे देखके!"

"मॅडम, बोईसर में गड्ढे नहीं, रास्ता देखना पड़ता है!"

कळांच्या मधे पुन्हा ग्रुपवर लिहिलं, "अहो, माझं पाणी गेलंय! माझं!!" आणि मोबाइल पिशवीत कोंबला.

हॉस्पिटलच्या दारातच ठणकावलं, "आज मी परत जाणार नाही. हाकललंत तर इथेच फरशीवर बसेन!" नर्सने तपासलं आणि डॉक्टरांना हाका मारत पळाली. संध्याकाळी लेक झाली. अशी काही भोकाड पसरून रडली की मी म्हटलं, शाब्बास!

तिला कुशीत घेऊन मोबाइल उघडला. सेक्रेटरींचं उत्तर येऊन पडलं होतं.

"टाकी भरलेली आहे. पाणी फक्त तुमचंच गेलं असेल, तर त्याला सोसायटी जबाबदार नाही!"