शाही बागेत भेटलेली ‘मयत’

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते, आणि डोळ्यांसमोर मात्र एक बाग उभी राहते.

नव्वदच्या दशकात मी मुंबईच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीतली एक विवाहिता बेपत्ता झाली. खाडीत मृतदेह मिळाला, भावांनी साडीवरून तो बहिणीचाच असल्याचं सांगितलं. तिच्या परजातीच्या नवऱ्याला मी अटक केली. चौकशीत तो एवढंच म्हणायचा, “मी मारलं नाही.” मग ती कुठे आहे? यावर गप्प. गप्प बसणारा दोषीच, अशी माझी समजूत होती.

तीन महिन्यांनी अबुधाबीत हॉटेलात काम करणारा, तिला ओळखणारा एक वसईकर रजेवर आला आणि त्याला ही केस कळली. मला एकट्याला गाठून म्हणाला, “साहेब, ती जिवंत आहे. शुक्रवारी राजघराण्याच्या बागेत येते.”

कागद पुन्हा काढले. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता. आम्ही सासरच्या नावाने शोधत बसलो होतो. परवानगी घेऊन, वकिलातीमार्फत तिथल्या पोलिसांना कळवून मी अबुधाबीला गेलो. अटकेचा अधिकार नव्हता, फक्त खात्री करायची होती.

शुक्रवारी बागेत फक्त बायकांना आणि कुटुंबांना प्रवेश. म्हणून त्या वसईकराची बायको आणि मुलगी सोबत आल्या. “यल्ला, चलो, फॅमिली अंदर,” पहारेकरी म्हणाला.

आत पाऊल टाकलं आणि थबकलो. बाहेर रखरखीत वाळू; आत नजर पोहोचेल तिथवर दोरी धरून लावल्यासारखी झाडं, संगमरवरी पाट, माणसाच्या दुप्पट उंच कारंजी. एक पान वाकडं नव्हतं. मी का आलोय, हेच क्षणभर विसरलो.

“अंकल, नॉट ऑन द ग्रास!” मुलगी ओरडली.

फोटोत पाहिलेली ती विवाहिता कारंज्याकाठी बसली होती. मी ठाण्याचं नाव सांगताच ताडकन उठली. “भावांनी पाठवलं?”

“नाही, ताई. तुमच्या खुनाच्या आरोपाखाली तुमचा नवरा तुरुंगात आहे.”

ती मटकन खाली बसली. “म्हणून पत्रं थांबली... मला वाटलं, विसरला. भाऊ जिवावर उठले होते, साहेब. माझा व्हिसा आधी आला, त्याने मला पुढे पाठवलं. पत्ता कुणाला सांगणार नाही म्हणाला.”

“पण पोलिसांना तरी सांगायचं!”

“तक्रार द्यायला मी आले होते. माझा भाऊ तुमच्या हवालदाराबरोबर चहा पीत बसला होता. तशीच मागे फिरले.”



वकिलातीत तिचा जबाब झाला, न्यायालयाने नवऱ्याला सोडलं. तुरुंगाच्या दारात त्याने मला एकच विचारलं, “कशी आहे ती?” मी त्या बागेचं वर्णन करत राहिलो. तो पहिल्यांदाच रडला.

खाडीत सापडलेली ती दुसरी कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरीत मी कितीतरी लोकांना बोलतं केलं. पण माणूस गप्प का आहे, हे आधी विचारायचं असतं, ते मला या आरोपीने शिकवलं.