पाठवणीतले दोन सेकंद

धायरीच्या जब्बार मुलाणीने वीस वर्षांत किती लग्नांचं शूटिंग केलं, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. सिंहगड रस्त्याला शेतं गेली, मंगल कार्यालयं आली, आयटीतली पोरं थाटात बोहल्यावर चढायला लागली आणि जब्बारला उसंत म्हणून राहिली नाही. पण त्या सगळ्या गर्दीत त्याची बायको मुमताज कुठेच नव्हती. लोणी काळभोरची ही बाई भलती लाजाळू. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. "माझ्यात काय हाय बघन्यासारखं?" म्हणायची आणि स्वयंपाकघरात पसार व्हायची.

२०१३ साली ती गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. मग जब्बारच्या ध्यानात आलं, की आपल्या कपाटात साऱ्या पुण्यातल्या बायकांचे आवाज आहेत आणि आपल्या बायकोचा नाही.

म्हणजे होता, पण एक शब्द. ती जायच्या तीन वर्षं आधी रुकसानाची, त्यांच्या एकुलत्या एक लेकीची, पाठवणी जब्बारने स्वतःच शूट केली होती. पोरगी आत्याच्या गळ्यात पडून रडतेय आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून मुमताज म्हणते, "अवो..." झालं! तिथेच चित्राला झटका बसतो, आणि पुढे दिसते ती लेकीकडे निघालेली तिची पाठ.

काय म्हणाली होती ती? जब्बारने डोकं खाजवून खाजवून पाहिलं, आठवेना. आठवणार कसं? साहेब ऐकतच नव्हते. साहेबांचं सगळं लक्ष बॅटरीवर. एकटा बसून तो तेवढंच 'अवो' पुन्हापुन्हा लावायचा. तिच्या आवाजाची इतकी ओढ लागेल, असं ती असताना त्याला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

तो झटका कसला, ते मात्र त्याला ठाऊक होतं. मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्याची ती खोडच. कॅसेट कशी तासभर सलग चालायची. हा मेला लांब शूटिंगचे आपल्या मर्जीने तुकडे पाडायचा. जब्बार एकेक तुकडा उघडून पुढच्याला चिकटवायचा, सांध्यावर झटका बसायचा, आणि त्यावर तो गुलाबाच्या पाकळ्या उडवायचा. गिऱ्हाईक खूश. सख्ख्या लेकीच्या पाठवणीवरही पठ्ठ्याने पाकळ्याच उडवल्या होत्या.

शेवटी हार्डडिस्क घेऊन तो सदाशिव पेठेत गेला. तिथे प्रियदर्शनी आपटे मिक्सिंगचं, म्हणजे जोडणी-कापणीचं काम करायची. हात सोन्याचा, जीभ कात्रीची.

"कॅमेऱ्याने काही खाल्लेलं नाही, जब्बारभाई," ती म्हणाली. "एक फाइल भरली की तो पुढचं दुसरीत लिहितो. पानाच्या शेवटी वाक्य अर्धं राहिलं, तर आपण पान उलटून वाचतो ना? तुमचं सॉफ्टवेअर अर्धं वाक्य दिसलं की खोडून टाकतं. आधी जोडायचं, मग उघडायचं. तुम्ही इतकी वर्षं उलटं करत आलात. मूळ फाइली आहेत, की त्यांच्यावरही पाकळ्या?"

कार्ड त्याने पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसलं होतं. पण लेकीच्या मूळ फाइली पुसायला हात धजला नव्हता. त्या डिस्कवर जशाच्या तशा होत्या.

प्रियदर्शनीने दोन्ही न उघडता एकीला एक जोडल्या. 'जेवलात का' एवढंच निघालं तरी चालेल, जब्बारला वाटत होतं. काहीही चालेल, फक्त तिचं असावं.

प्रियदर्शनीने फाइल लावली. पोरगी रडत होती. झटका बसलाच नाही.

"अवो, ठेवा की तो कॅमेरा. पोर निघाली."

जब्बार खुर्चीत पुढे सरकून पडद्याकडे बघत राहिला. आता कॅमेरा खाली जाईल, आता जमीन दिसेल, म्हणून तो वाट बघत होता. मुमताज क्षणभराने एकटीच लेकीकडे गेली. त्यानंतर अकरा मिनिटं त्याच्या हातातला कॅमेरा जराही हलला नाही.