एका ताटातले दोघे

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी केळीला पाणी देत होतो. मोटर बंद न करताच निघालो...

माझी थोरली वहिनी म्हसावदची सुईण. मी चौथी नापास, पण तिच्यापुढे शहाणपण कधी सोडलं नाही. पंधरा वर्षांमागे माझी सून पहिलटकरीण होती, मुलगा सुरतेला कामाला. शहाद्याच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, जुळं आहे, दोघांना पोसणारी वार एकच, दर पंधरा दिवसांनी आणा. वहिनीने मला समजावलं, "भाऊ, एक ताटमा दोन जेवणार शेतस. एकले जादा भेटस, एकले कमी."

"आम्ही दोन्ही भाऊ एकच ताटमा जेवनूत. काय झायं?"

"तुम्ही जाड व्हयनात, ते काडी ऱ्हायनात!"

घरातले सगळे हसले. मला झोंबलं. कापसाची वेचणी चालू होती. सुनेला सांगितलं, महिन्याने बोलावलंय. महिन्याने गेलो तेव्हा एकीचे ठोके थांबले होते. पुढे एक रडत आली, एक गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं असतं तरी खात्रीने सांगता आलं नसतं. या वाक्याआड मी पुष्कळ दिवस लपलो. वहिनीने मात्र गप्प होती ती माझ्या हातावर ठेवली. वजन असं नव्हतंच. डॉक्टरीणबाईंकडून तिला पंधरा दिवसांचं कळलं होतं. हळूच म्हणाली, "खोटं तुम्ही बोलनात, सांगनं बी तुम्हीच. मी नही सांगाव."

तिने शब्द पाळला. पूर्वी जुळ्याच्या बाळंतपणाला जाताना ती एक कोरं कापड वेगळं घ्यायची, न रडणाऱ्यासाठी. अलीकडे तपासण्या होतात, ते बहुतेक वेळा घडी न मोडता परत यायचं. दोन वारांच्या जुळ्याची तिला तेवढी धास्ती नसे. एका वारेचं म्हटलं की मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे बघायची... बोलायची नाही.

तेराव्याला तिच्या घरी आम्हा भावांचं तेच पितळी ताट सुनेने माझ्यापुढे वाढलं. नात, आता नववीत आहे, शेजारी बसली. मला घास उचलेना. सुनेला सगळं सांगितलं, पोरीच्या देखत. तिने माझ्यापुढचं ताट उचलून पोरीपुढे ठेवलं आणि आत गेली.

मी त्या दिवशी उपाशी उठलो. ताट आता माझ्या घरात आहे. त्यात आधी पोर जेवते, मग मी.