पोटातल्या पोरानं धरलेली दारं

पहिल्या बाळंतपणात, ऐन कळांमध्ये, मी डॉक्टरांनाच शहाणपण शिकवायला निघाले होते. त्या म्हणाल्या, डाव्या कुशीवर वळ. मी म्हटलं, नाही वळणार. आमच्या केंदूरला पोटुशी बाई निजल्या निजल्या कूस बदलत नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर निजायचं, नाहीतर नाळ पोराच्या गळ्यात पडते, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या. मॅट्रिक झालेली, राहू गावात सासरी शिकलेली सून म्हणून नाक वर करून फिरणारी मी, हे नऊ महिने इमानानं पाळत आले होते. आता कळांनी उठवेना, म्हणून उताणीच पडून राहिले... पोराची काळजी म्हणून!

ज्यांच्याशी ही हुज्जत घातली त्या डॉक्टर कुमुदताई गेल्या महिन्यात गेल्या. त्याच बाळंतपणातल्या माझ्या थोरल्यानं फोन केला. आता त्याच्याही मिशा पिकल्यात. म्हणाला, "आई, तुझ्या ताई गेल्या."

तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा छोटा दवाखाना होता. बाळाचे ठोके ऐकायला त्यांच्याकडं एक लाकडी कर्णा असायचा, एक टोक पोटावर, दुसरं कानाला. ऐकता ऐकता त्या खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटानं तोच ठेका धरायच्या, नर्सलाही कळावं म्हणून. त्या दिवशी बोट आधी भरभर चाललं होतं, मग रेंगाळायला लागलं. टक्... टक्... मला वाटलं, पोर दमून झोपलं, बरंच झालं. हे मी बोलूनही दाखवलं. माझी आई दारातून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तिला उठून बसू द्या आन् मंग वळवा, न्हाईतर नाळ अडकती." नर्सनं खांदा धरला, ताईंनी कंबर, आणि दोघींनी मला पोत्यासारखी कुशीवर लोटली. नाळ गेली गळ्यात म्हणून मी गळा काढला. ताई कर्ण्याला कान लावून वाकलेल्या, आणि बोट दांडीवर थांबलेलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं, की पोर झोपलेलं नाही. मी ओरडायची थांबले आणि त्या बोटाकडं बघत राहिले. ते हललं. टक्, टक्... आणि हळूहळू पहिल्यासारखं पळायला लागलं.

थोरला रडतच आला. दुसऱ्या दिवशी ताईंनी सांगितलं, की उताणं निजलं की पोटाच्या भारानं पाठीजवळची मोठी शीर दबते, वारेकडं रक्त कमी जातं आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. नाळेचं म्हणशील तर ते पोर आत आपलं आपणच फिरतं. "तू नऊ महिने उठाबशा काढल्यास, आणि तो आत कोलांट्या मारत होता." मी लाजायला हवं होतं, पण मला भलताच प्रश्न पडला होता. जीव गुदमरला की आपली छाती धडधडते, मग त्याची मंदावली कशी?

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आपण दमलो तर धापा टाकतो, कारण भोवती हवा असते. त्याला नाळेतून येईल तेवढंच. काळीज कितीही पळवलं तरी जास्त मिळायचं नाही, उलट पळण्यातच खर्च. मग त्यांनी मलाच विचारलं, "विहिरीवरच्या मोटारीला पाणी कमी पडलं की शेतात दारं धरणारा काय करतो?"

मी म्हटलं, उसाच्या सऱ्यांची दारं बुजवतो आणि पाणी रोपांकडं वळवतो.

"तेच केलं त्यानं. हातापायांकडच्या, आतड्यांकडच्या शिरा आवळल्या, आणि रक्त सोडलं मेंदूला आणि काळजाला."

"पण त्याला शिकवलं कुणी?"

ताई हसल्या. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग हसू आवरून म्हणाल्या, विहीरच आटली तर दारं धरून भागत नाही, म्हणून बाहेरच्यांनी हुज्जत घालायची नसते.

पुढं माझी बाळंतपणं संपली, पण प्रश्न संपले नाहीत. तळेगावच्या बाजाराला आले की पिशवीत त्यांच्यासाठी मेथीची जुडी आणि डोक्यात काहीतरी खुसपट घेऊन मी दवाखान्यात डोकवायची. पोटात पोराला उचकी कशी लागते, फुप्फुसं तिथं काय करतात, असलं काहीबाही. बाहेर पेशंट खोळंबलेले असायचे. त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "विचार."

शेवटची भेट दवाखान्यावरच्याच खोलीत झाली. फुप्फुसं थकली होती, नाकाला प्राणवायूची नळी. लाकडी कर्णा खिडकीत, चष्मा उशाशी. मी पायांना हात लावला तर ते गार पडलेले. म्हातारपणीही माझी अक्कल तेवढीच... खोबरेल घेऊन मी तळवे खसाखसा चोळायला लागले. ताईंनी चाचपडत चष्मा उचलला, थेट कपाळावर ठेवला आणि धापा टाकत म्हणाल्या,

"पाय राहू दे, सुमन. तिकडची दारं मीच बुजवलीत. डोक्याला पाणी आहे अजून... विचार."